आम्ही उचलून नेऊ ना

शुक्रवारी संध्याकाळी दादा वाचनालयाच्या जिन्यावरून पडला. रविवारी सकाळी तो गेला.

पडण्याआधी तासभर तो व्याख्यान देत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अमेरिकेचे अध्यक्ष लोकशाहीबद्दल, स्वातंत्र्याबद्दल आणि लोककल्याणाबद्दल काय मानत होते, हा विषय. उतरताना त्याची कुबडी घसरली. मी त्याच्या मागे, त्याची पिशवी घेऊन उभी होते. बाकीचे वर चहा पीत होते.

त्या जिन्याबद्दल मी इतकंच लिहिते. जास्त लिहायला बसले तर पुढचं लिहून होणार नाही, आणि मला पुढचंच लिहायचं आहे. दादा पडला तो अपघात होता असं सगळे म्हणतात. एक वेळ मीही म्हणेन. पण तो गेल्यावर जे झालं त्यात अपघात कुठेच नव्हता. ते सगळं ठरवून, हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून केलेलं होतं.

दादा माझा थोरला भाऊ. लहानपणी त्याला पोलिओ झाला. दोन्ही पायांना कॅलिपर आणि काखेत कुबड्या, असाच मी त्याला पहिल्यापासून पाहिला. तो एका सरकारी कचेरीत हिशेब तपासायचा आणि मी शाळेत इतिहास शिकवायची. नाशिक रोडच्या एका कॉलनीत तळमजल्यावर आम्ही दोघं राहायचो. आमची दोघांचीही लग्नं झाली नाहीत. त्याची कारणं वेगवेगळी होती आणि इथे ती सांगायची गरज नाही. दोघेही निवृत्त झालो तेव्हा घरात दोनच कामं उरली होती, वाचणं आणि वाचलेल्यावर भांडणं. तो मला मास्तरीणबाई म्हणायचा. माझं म्हणणं त्याला पटलं नाही की विशेषच म्हणायचा.

आमचं वाचनालय पूर्वी बैठं होतं. फाटकातून आत गेलं की सरळ पुस्तकं. कपाटांमधल्या बोळांतून दादा कुबड्या टेकत फिरायचा, एखाद्या कपाटाला पाठ लावून उभा राहायचा आणि पुस्तक उघडायचा. शाळेत असल्यापासून त्याचं हे चाललेलं. मग इमारत पाडून नवी बांधली. खाली दुकानांचे गाळे आणि वर वाचनालय. आपल्याकडे बरीच वाचनालयं अशीच जगतात. गाळ्यांच्या भाड्यातून वर्तमानपत्रांची बिलं भागतात, ग्रंथपालाचा पगार निघतो. त्याला माझी हरकत नव्हती, दादाचीही नव्हती. खाली एक मोबाइलचं दुकान आलं, एक साड्यांचं आलं आणि कोपऱ्यात बँकेचं एटीएम आलं. एटीएमला रॅम्प आहे, स्टीलचा कठडा लावलेला, अगदी नियमात बसणारा. दादा त्यावरून सहज वर जाऊन पैसे काढायचा. पुस्तकांकडे जाणारा तेवढा जिना होता. लिफ्टसाठी म्हणून नकाशात जागा सोडली होती, तिथे आता जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेत.

नव्या इमारतीतल्या पहिल्याच वार्षिक सभेत दादाने विचारलं. सभा वरच होती. त्याला हात असलेल्या एका खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं होतं. त्याचं म्हणणं साधं होतं. एक गाळा वाचनालयाने स्वतःकडे ठेवावा आणि थोडी कपाटं तिथे आणावीत. ते जमत नसेल तर लिफ्टचं पाहावं.

वाचनालयाचा सगळा कारभार ज्यांच्या हातात आहे त्यांना सगळे अण्णा म्हणतात. माणूस वाईट नाही. कुणाच्याही अडीअडचणीला स्वतःची गाडी काढतो, दवाखान्यात रात्र काढतो. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण वाईट माणसांवर राग धरणं सोपं असतं. अण्णा उठले आणि म्हणाले, “दादा, तुम्हाला लिफ्ट कशाला हवी? आम्ही उचलून नेऊ ना.”

सभेत टाळ्या झाल्या. विषय संपला.

पुढच्या वर्षी दादाने पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. उत्तर तेच, शब्दही जवळजवळ तेच. काही वर्षांनी तर तो उभा राहायला लागला की मागच्या रांगेतून कुणी तरी आधीच म्हणायचं, “उचलून नेऊ हो दादा!” आणि हशा व्हायचा. दादाही हसायचा. उचलण्याचं तर एक तंत्रच झालं होतं. पुढे दोघं, मागे दोघं, खुर्ची किंचित मागे कललेली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना कुणी तरी हमखास ओरडायचं, “गणपती बाप्पा!” बाकीचे म्हणायचे, “मोरया!” दहा वर्षं हा विनोद टिकला. एकदा घरी आल्यावर दादा म्हणाला, “गणपतीचं बरं असतं. अकराव्या दिवशी सोडून तरी देतात.”

मग त्याने वर जाणं कमी केलं. फोन केला की शिपाई पुस्तकं घरी आणून द्यायचा. ही सोय अण्णांनीच करून दिली आणि दरवर्षीच्या अहवालात तिचा उल्लेख व्हायचा. ज्येष्ठ व अपंग सभासदांसाठी घरपोच सेवा. मला ती चांगली वाटायची. मी तसं म्हणाले तेव्हा दादाने हातातलं पुस्तक मिटलं.

“मला हवं ते पुस्तक मागवता येतं,” तो म्हणाला. “पण मला काय हवं आहे हे कपाटासमोर उभं राहिल्यावर कळतं. ते आता कधी कळणार?”

त्या अमेरिकी अध्यक्षांचा नाद त्याला कधी लागला हे त्यालाही सांगता यायचं नाही. त्याची सुरुवात एका छायाचित्रापासून झाली असावी. महायुद्ध संपत आलेलं, तीन देशांचे नेते ओळीने खुर्च्यांवर बसलेले. मधल्या माणसाच्या खांद्यांवर सैल झगा. दादाने ते चित्र शाळेत असताना पाहिलं आणि पुष्कळ वर्षांनी त्याला कळलं की मधला माणूस फारसा उभाच राहू शकत नव्हता. ऐन उमेदीत त्याच्या पायांतली शक्ती गेली होती. तरी तो चार वेळा निवडून आला. त्याची चाकाची खुर्ची लोकांना दिसू नये म्हणून केवढा आटापिटा चालायचा, आणि छायाचित्रं काढणारेही त्यात सामील असायचे. ही गोष्ट दादाला जितकी आवडायची तितकाच तिचा त्याला संताप यायचा. तो म्हणायचा, हा माणूस एकदा खुर्चीत बसून लोकांसमोर आला असता तर जगातल्या निम्म्या इमारतींना जिने लावताना कुणी तरी दोनदा विचार केला असता. मी म्हणायची, त्या खुर्चीसकट लोकांनी त्याला निवडून दिलं नसतं. मग आमचा चहा निवायचा.

पण पाय हा त्याच्या नादाचा मुख्य भाग नव्हता. मुख्य भाग हा होता की त्या माणसाने कल्याण आणि स्वातंत्र्य या दोन गोष्टी एकमेकींना बांधल्या. त्याच्या देशात मंदी आली होती. कारखाने बंद पडले, माणसं रांगेत उभी राहून पाव घेत होती. त्याने म्हाताऱ्यांसाठी पेन्शन आणली, बेकारांसाठी विमा आणला, हाताला काम दिलं. तसं पाहिलं तर राजेही दानधर्म करतात. दादाच्या मते फरक त्यामागच्या विचारात होता. पोटाची भ्रांत असलेला माणूस स्वतंत्र नसतो, कारण तो कुणाचीही हाजी हाजी करील. लोकशाहीने त्याला आधार दिला नाही तर तो हुकूमशहाकडे जाईल, आणि तेव्हा त्याला दोष देण्यात अर्थ नाही. म्हणून बोलण्याच्या आणि श्रद्धेच्या स्वातंत्र्याबरोबर त्या माणसाने गरजेपासून आणि भीतीपासून सुटका हीसुद्धा स्वातंत्र्यंच मानली. चारही एका रांगेत. दादा म्हणायचा, “हे कळायला मला पाय लागले नाहीत. पण पटायला लागले.”

मी इतिहासाची शिक्षिका. मला माणसं एवढी स्वच्छ मिळाली की संशय येतो. मी त्याला त्या छावण्यांची आठवण करून द्यायची. त्याच अध्यक्षाच्या सहीने, जपानी वंशाचे आहेत एवढ्याच कारणासाठी, हजारो नागरिकांना घरांतून उठवून तारेच्या कुंपणात ठेवलं. भीतीपासून सुटका म्हणणाऱ्याने. आणि आपल्या स्वातंत्र्याचं काय? इंग्रजांच्या कानावर त्याने दोन-चार वेळा घातलं आणि युद्धात दोस्ती महत्त्वाची म्हणून पुढे गप्प बसला. दादाने हे कधी नाकारलं नाही. उलट व्याख्यानात हे आलंच पाहिजे म्हणाला. “तो चुकला म्हणून त्याचं म्हणणं चुकीचं ठरत नाही, मास्तरीणबाई. त्याचं म्हणणं बरोबर होतं म्हणून तर तो चुकला हे आपल्याला कळतं.”

हे वाक्य त्याने व्याख्यानात घेतलं. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. मला हसू आलं. ते भांडण मी हरले होते.

त्या संध्याकाळी तो फार चांगला बोलला. शेवटी म्हणाला, कल्याण म्हणजे वरून टाकलेलं काही नव्हे. ज्याला ते मिळतं त्याला कुणापुढे वाकावं लागू नये, एवढीच त्याची परीक्षा. खूप टाळ्या झाल्या. अण्णांनी आभार मानले, दादांचे विचार आपण आचरणात आणू या म्हणाले, आणि मग नेहमीप्रमाणे चौघांना हाक मारली. खुर्ची आणा रे.

दादा म्हणाला, “आज नको.”

कुणी आग्रह केला नाही. चहा आला होता. मला आजही कळत नाही की तो हट्ट होता का. हट्ट असेल तर मला त्याचाही राग येतो. तासभर तसं बोलल्यावर त्या खुर्चीत बसणं त्याला शक्य नव्हतं हे मला कळतं, आणि कळूनही राग येतो.

आता दहाव्याचं सांगते.

आमच्या भागात दहाव्याला भाषणं होतात. बाहेरगावच्या माणसाला हे सांगून खरं वाटत नाही. गोदावरीच्या घाटावर एकीकडे क्रिया चाललेली असते, पिंड मांडलेले असतात, लोक कावळ्याची वाट पाहत असतात. त्याच वेळी दुसरीकडे मंडप असतो, ध्वनिक्षेपक असतो, आधी प्रवचन होतं आणि मग एकेक पुढारी उठून श्रद्धांजली वाहतो. आलेल्यांची नावं वाचली जातात, पदांसकट. कुणाचं नाव राहिलं तर तो वर्षभर लक्षात ठेवतो. निवडणूक जवळ असली की वक्ते वाढतात. दादाला हा प्रकार अजिबात आवडायचा नाही. तो म्हणायचा, मेलेला माणूस हा एकच असा अध्यक्ष असतो ज्याला सभा संपवता येत नाही.

मला हे काही करायचंच नव्हतं. पण कळवणहून चुलतभाऊ आला. क्रिया तोच करणार होता. त्याने सगळं ठरवून टाकलं होतं. आक्का, घरात वडीलधारं कुणी नाही, लोक काय म्हणतील, मी पाहतो सगळं. त्याच्या मायेबद्दल मला शंका नाही. घाटाच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता, दादाचा हसरा चेहरा आणि खाली शोकाकुल म्हणून वाचनालयाच्या सगळ्या कार्यकारिणीचे फोटो. त्यांचे चेहरे दादापेक्षा मोठे नव्हते एवढीच काय ती मर्यादा पाळलेली.

बायका एका बाजूला बसतात. मी तिथे बसले. माझ्या शेजारी आमच्या कॉलनीतल्या एक निवृत्त परिचारिका होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. गुडघ्यांमुळे त्याही वाचनालयाचा जिना चढत नाहीत. त्या आणि दादा एटीएमच्या रॅम्पवर बसून एकमेकांची पुस्तकं बदलून घ्यायचे.

तीन भाषणं झाल्यावर अण्णा उठले. त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. दादा म्हणजे जिद्द, दादा म्हणजे हसतमुख, पायांनी अधू पण विचारांनी धावणारा माणूस. मी खाली पाहत होते. मग ते म्हणाले, “एवढं दुःख सोसलं, पण दादांनी आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नाही.”

लोकांनी माना डोलावल्या.

मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली. सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. प्रत्येक वार्षिक सभेत तो उभा राहिला होता, ज्याला धड उभं राहता येत नाही तो, आणि त्याने मागितलं होतं. ज्यांच्यासमोर मागितलं तेच समोर ओळीने बसले होते, डोक्यावर पांढऱ्या टोप्या घालून. एकालाही आठवत नव्हतं. का आठवत होतं आणि ते आता उपयोगाचं नव्हतं? मेलेल्या माणसाने काही मागितलेलं असलं की ते देणं लागतं. म्हणून त्यांनी त्याचं मागणंच काढून घेतलं. त्याच्या जागी जिद्द ठेवली. जिद्द फुकट असते.

अण्णांचं भाषण संपलं नव्हतं. वाचनालयाने ठरवलं होतं की वरच्या सभागृहाला दादांचं नाव द्यायचं.

मी उठले. बायकांमधून उठून मंडपाकडे कुणी जात नाही, पण मी चार पावलं गेलेही. चुलतभाऊ ओल्या धोतराने धावत आला. हळू आवाजात म्हणाला, “आक्का, आत्ता नाय. दहावा हाय. कावळा शिवला नाय अजून. तू बोलली तर लोक म्हणतील, बहिणीमुळेच अडलं.”

मी परत येऊन बसले. कावळा शिवला. लोक म्हणाले, दादा समाधानाने गेले.

तेराव्यानंतर अण्णा घरी आले, बरोबर कार्यकारिणीतले दोघे. मी चहा केला. त्यांना दादाचा फोटो हवा होता, सभागृहात लावायला. तैलचित्रच करून घेणार होते, सोलापूरकडचा कुणी कलावंत होता.

मी एकच फोटो दिला. कचेरीतल्या निरोप समारंभाचा. त्यात दादा उभा आहे, कुबड्या दोन्ही काखांत, कॅलिपरच्या पट्ट्या विजारीच्या खालून दिसताहेत, गळ्यात हार आहे आणि तो कुणावर तरी वैतागलेला आहे. अण्णांनी तो बराच वेळ पाहिला.

“ताई, कमरेपर्यंतचा नाही का एखादा?”

मी विचारलं, कमरेच्या खाली काय अडचण आहे. ते म्हणाले, अडचण नाही हो, पण लोकांनी दादांना विचारांसाठी लक्षात ठेवावं, पायांसाठी नाही. मी म्हणाले, त्याचे विचार त्या पायांवरच उभे होते. ते जरा हसले. मी शोकात आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. शोकात असलेल्या बाईशी वाद घालायचा नसतो. फोटो पाकिटात घालून ते उठले. दारात मी सांगितलं की सभागृहाला त्याचं नाव देऊ नका. ज्या खोलीत तो आपल्या पायांनी जाऊ शकला नाही, त्या खोलीच्या दारावर त्याचं नाव मला नको. नाव द्यायचंच असेल तर खाली एक गाळा मोकळा करा, कपाटं आणा, त्याला द्या.

अण्णांनी चपला घालता घालता मान हलवली. “ताई, हा निर्णय एकट्याचा नसतो. सभेपुढे येऊ द्या. आपल्याकडे लोकशाही आहे.”

सभा पुढच्या महिन्यात होती. मी आजीव सभासद आहे. तयारी म्हणून मी काही केलं नाही. मला बोलायचं होतं ते दादा इतक्या वेळा बोलून गेला होता की मला पाठ होतं.

सिस्टर माझ्याबरोबर आल्या. गाळ्यांच्या समोर आल्यावर त्या रॅम्पच्या कठड्याला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, मी इथूनच. त्यांच्याबरोबर आणखी काहीजण तिथे थांबले. एक आजोबा होते, दम लागतो म्हणून वर जात नाहीत. एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या, त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि त्या त्याच्याजवळून हलू शकत नव्हत्या. सगळे सभासद, सगळ्यांची वर्गणी भरलेली. सगळ्यांना सभेची नोटीस रीतसर मिळालेली. मी त्यांना खाली सोडून जिना चढले. जिथे दादा पडला होता तिथे कुणी तरी पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मारला होता. काळजी घेतली होती.

नामकरणाचा विषय आला तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले की माझा विरोध आहे. का आहे तेही सांगितलं. दादाने किती वर्षं काय मागितलं, कुणी काय उत्तर दिलं, तेही. माझा आवाज मोठा नाही. वर्गातही नव्हता. मागच्यांना ऐकू येत नसेल म्हणून मी थांबून थांबून बोलले. यावर अण्णांनी जे उत्तर दिलं ते प्रामाणिक होतं. एका गाळ्याचं भाडं गेलं तर नवी पुस्तकं घेणं थांबेल. लिफ्टचा खर्च संस्थेला झेपणार नाही. भावना आम्हालाही आहेत, पण संस्था भावनेवर चालत नाही.

मी विचारलं, नाव मात्र भावनेवर देता?

कुणी तरी म्हणालं, ताई, बसा, तब्येत सांभाळा. दुसरं कुणी तरी म्हणालं, आपल्याच भावाच्या सन्मानाला विरोध, कमाल आहे. मला वाटतं तेव्हाच सभा माझ्या हातातून गेली. त्यांच्या दृष्टीने प्रश्न आता जिन्याचा नव्हता. एका विक्षिप्त बहिणीचा होता.

मतदान हात वर करून. अण्णांनी बाजूने कोण, विचारलं आणि हात वर झाले, खूप झाले, मोजायचीही गरज नव्हती. विरोधात कोण. मी हात वर केला. आणखी दोन हात वर गेले, त्यातला एक अर्धवट. तेवढ्यात माझा फोन वाजला. खालून सिस्टर होत्या. कुणी तरी वरून उतरताना त्यांना सांगितलं असावं.

“ताई, मतदान चाललंय ना? आम्ही सगळ्यांनी हात वर केलेत. सांग त्यांना.”

मी सांगितलं. खाली पाच-सहा सभासद आहेत आणि त्यांचे हात विरोधात आहेत. मग अण्णा नियमावली न उघडताच म्हणाले, कारण त्यांना ती पाठ आहे, “ताई, मतदान सभागृहात उपस्थित असलेल्यांचंच धरतात.”

मी म्हणाले, “त्यांना उपस्थित राहता येत नाही म्हणून तर हा विषय आहे.”

“पुढच्या वेळेला आधी कळवा,” अण्णा म्हणाले. “उचलून आणू.”

या वेळी कुणी हसलं नाही. अण्णांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांनी पटकन पुढचा विषय घेतला. पण ठराव मंजूर झाला होता. मी पायऱ्या उतरून खाली आले. सिस्टरांचा हात अजून वर होता. मला पाहून त्यांनी तो खाली घेतला आणि विचारलं, किती पडली. मी म्हणाले, तीन. त्या म्हणाल्या, आमची धरली नाहीत? मी त्यांच्याशेजारी कठड्याला टेकले. झटका आलेल्या त्या गृहस्थांना धड बोलता येत नव्हतं, पण त्यांना सगळं समजत होतं. त्यांनी एक शिवी दिली. अस्पष्ट होती, पण आम्हा सगळ्यांना कळली. त्यांची बायको म्हणाली, अहो! आणि मग तिलाच हसू आलं. मलाही आलं. दादा गेल्यापासून मी हसले नव्हते.

लोकशाहीवर माझा राग नाही. दादाचाही नव्हता. त्याच्या त्या अध्यक्षाने जे सांगितलं होतं त्यातूनच ही एक गोष्ट निघत होती आणि ती मला तोवर फक्त पुस्तकातली वाटत होती. मताची पेटी उघडी असून भागत नाही, माणसाला पेटीपर्यंत येता आलं पाहिजे. त्याचा खर्च कोणी करायचा, तर सगळ्यांनी. हा खर्च परवडत नाही असं जी सभा म्हणते, ती सभा पोहोचलेल्यांची असते. पोहोचलेल्यांनी घेतलेला निर्णय बहुमताने होतो, त्यात खोटं काही नसतं. मला राग याचा आहे की त्यात खोटं काही नव्हतं.

पाटी लागली. संगमरवरावर काळी अक्षरं. तैलचित्र कमरेपर्यंतचं आहे असं मला सांगण्यात आलं. उद्घाटनाला मी गेले नाही. चुलतभाऊ गेला होता. त्याने फोन करून सांगितलं की कार्यक्रम लय भारी झाला आणि मी एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं. मी बरं म्हणाले.

गाळ्यांचे करार पुन्हा झाले. जिना तसाच आहे. सभासदत्व मी सोडलेलं नाही. वर्षातून एकदा सभेसाठी वर जाते, गाळ्यांचा विषय आला की विरोधात हात वर करते आणि खाली येते.